चौदा मिनिटांची रेकॉर्ड, चौघांचा बँड आणि एक भांडखोर गायक

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका कॉलेज बँडला पहिली ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा लहान रेकॉर्ड, काढायची आहे. कुणीतरी त्यांना अमेरिकेतल्या डेड केनेडीज या पंक (म्हणजे वेगवान, रांगडं, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या) बँडची 'इन गॉड वी ट्रस्ट, इंक.' ऐकायला सांगितली. ती चौदा मिनिटांत आटोपली, म्हणून विचारतात की ही पूर्ण रेकॉर्ड आहे की कशाचा तुकडा? आणि तिचा गायक जेलो ब्याफ्रा? अर्धे लोक त्याला डोक्यावर घेतात, अर्धे म्हणतात त्याने आपल्याच बँडवाल्यांचे पैसे अडकवले. मग ऐकावं की नाही? शेवटचा प्रश्न, यातलं एखादं गाणं गॅदरिंगला वाजवता येईल का?

मी नागपुरात रेकॉर्डिस्ट आहे. भीमगीतं, भजनी मंडळं, ऑर्केस्ट्रावाले, निवडणूक आली की प्रचाराची गाणी, आणि अधूनमधून तुमच्यासारखी गिटारा घेऊन येणारी पोरं. तेव्हा उत्तर काचेच्या अलीकडून देतोय, जिथे कोण काय वाजवतंय हे वेगवेगळं ऐकू येतं. गायकाच्या वादाचं उत्तरही मला तिथूनच सापडतं.

आधी रेकॉर्ड. ती पूर्ण आहे. डिसेंबर १९८१ मध्ये आली, आठ गाणी. पहिली सहा मिळून सात मिनिटांच्या जरा वर जातात. सर्वात लहान 'हायपरॲक्टिव्ह चाइल्ड' ३७ सेकंदांचं आहे. आज स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात, म्हणजे हे गाणं काठावर पास. सातवं एकटंच साडेचार मिनिटांचं, आणि आठवं म्हणजे 'रॉहाइड' या जुन्या काऊबॉय टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत, गंमत म्हणून वाजवलेलं. ते मला भरतीचं वाटतं, नसतं तरी चाललं असतं.

एवढी घाई का, तर त्याला कारण ड्रमर. बँड १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमला. गिटारवाल्या ईस्ट बे रेने जाहिरात दिली, त्यातून ब्याफ्रा आणि बेसवाला क्लाउस फ्लोराइड आले. सुरुवातीचे कार्यक्रम माबुहाय गार्डन्स नावाच्या फिलिपिनो हॉटेलात व्हायचे. १९८० च्या पहिल्या एलपीपर्यंत, म्हणजे पूर्ण लांबीच्या रेकॉर्डपर्यंत, टेड नावाचा ड्रमर होता. १९८१ च्या सुरुवातीला डी. एच. पेलिग्रो आला आणि ही ईपी त्याची बँडबरोबरची पहिली रेकॉर्डिंग. त्याच सुमारास अमेरिकेतलं पंक हार्डकोर या आणखी वेगवान, आक्रमक प्रकाराकडे वळत होतं, सगळे लय वाढवत होते. पेलिग्रोला ती लय पेलत होती, म्हणून गाणी आकसली. नाहीतर वेग वाढवला की ड्रमर दुसऱ्या कडव्यातच ढिला पडतो, हे मी दर महिन्याला बघतो.

एक गाणं जवळून ऐका. सहावं. नाझी चिन्हं लावून मिरवणाऱ्या पंक पोरांना शिवी घालून बाहेर काढणारं, मिनिटभराचं. सुरू होण्याआधी ब्याफ्रा एक वाक्य टाकतो की हे मार्टिन हॅनेटने गरजेपेक्षा जास्त प्रोड्यूस केलंय, टेक चौथा. हॅनेट हा मँचेस्टरचा नामी प्रोड्यूसर, आवाजावर तासन्‌तास घालवणारा. इथे मात्र खोलीत माइक लावले, वाजवलं, उरकलं असा कारभार ऐकू येतो, म्हणून हा टोमणा. मग गाणं उसळतं. लांब इंट्रो नाही, सोलो नाही. कडव्यात शब्द इतके ठासलेले की श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं, आणि ध्रुवपद म्हणजे नुसती सामुदायिक आरोळी. एवढ्या लयीत किक ड्रम आणि बेस एकमेकांवर आदळून खालचा भाग गढूळ होतो. मधला सगळा पट्टा गिटार खाते. मग शब्द ऐकू येतात कसे? ब्याफ्रा वरच्या पट्टीत, थोडा नाकातून, आवाजाला मुद्दाम कंप देऊन गातो आणि व्यंजनं दाताखाली चावल्यासारखी फोडतो. खवचट मास्तर वर्गात उत्तरपत्रिका वाचून दाखवतोय, असा तो सूर. तुमचा गायक नुसता ओरडतो, म्हणून त्याचा एक शब्द कळत नाही. इक्विलायझरने ते दुरुस्त होत नाही, तोंडातच व्हावं लागतं.

आता त्याच मिनिटभरात गायक सोडून बाकीचे तिघे ऐका. रेची गिटार सरसकट खरखरीत नाही. तो टेप-एको, म्हणजे सूर मागून घुमवणारं यंत्र, वापरतो, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सर्फ संगीताचा झणत्कार त्यात येतो, आणि तोच या बँडचा शिक्का आहे. डोळे मिटून दहा सेकंद ऐकलं तरी कोण वाजवतंय ते कळतं. फ्लोराइडचा बेस बऱ्याच गाण्यांत धून स्वतः उचलतो. हे लक्षात ठेवा, पुढे कोर्टात लागणार आहे.

ही रेकॉर्ड दोनदा करावी लागली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जून १९८१ मध्ये त्यांनी गाणी रेकॉर्ड केली, पण टेपचा माल सदोष निघाला. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली आयर्न ऑक्साइडची भुकटी. चिकटवण धरलं नाही की भुकटी मशीनच्या हेडवर झडते आणि तिच्यासोबत आवाज जातो, आधी झांजांची चकाकी, मग शब्दांची धार. ज्यांनी कॅसेटचा जमाना बघितलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. मे महिन्यात ऑटोच्या डॅशबोर्डवर पडलेली कॅसेट डेकमध्ये घातली की हेडवर तांबूस राख जमायची, मग स्पिरिट आणि कापूस घेऊन बसायचं. डेड केनेडीजनी ऑगस्टमध्ये सगळं पुन्हा वाजवलं आणि तेच बाजारात आलं. जूनच्या रेकॉर्डिंगमधलं जे वाचवता आलं ते कित्येक वर्षांनी डीव्हीडीवर निघालं. मला पहिला प्रयत्न जास्त मोकळा वाटतो, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ऑगस्टचीच ऐकावी. आणि तुमचं रेकॉर्डिंग संपलं की दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी घेऊनच स्टुडिओतून निघा, हे आलंच.

लहान रेकॉर्डचा एक फायदा तबकडीच्या काळात निव्वळ यांत्रिक होता. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं कोंबली की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, मग आवाज आणि खर्ज दोन्ही कमी ठेवावे लागतात. सात-आठ मिनिटंच असतील तर खाचा ऐसपैस बसतात आणि रेकॉर्ड दणक्यात वाजते. आज ते गणित उरलं नाही. ऐकणाऱ्याच्या कानाचं गणित मात्र तेच आहे, इतक्या वेगाची गाणी चाळीस मिनिटं सलग कोणी ऐकत नाही.

कॅसेटची तर वेगळीच मजा. आठही गाणी एका बाजूला, दुसरी बाजू कोरी. त्या काळी ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांनी आरोळी ठोकली होती की घरी टेप केल्याने संगीत मरतंय. यांनी कोऱ्या बाजूवर छापलं की घरी टेप केल्याने कंपन्यांचा नफा मरतोय, ही बाजू आम्ही मोकळी सोडली आहे, तुम्हीही हातभार लावा. आपल्याकडे सीताबर्डीत यादी देऊन कॅसेट भरून घेणारी आख्खी पिढी होती. तिला या विनोदाचं स्पष्टीकरण लागणार नाही.

विषयांबद्दल थोडं सांगतो, कारण शिव्या आणि आरडाओरडीत ते निसटतात. रेकॉर्डचं नाव अमेरिकन नोटेवरच्या ब्रीदवाक्याला 'इंक.' म्हणजे कंपनीची शेपटी जोडून केलंय, आणि मुखपृष्ठावर विन्स्टन स्मिथ या कोलाजकाराने डॉलरच्या नोटांच्या क्रूसावर सोनेरी ख्रिस्त दाखवलाय. रोख टीव्हीवरून धर्म विकून राजकारण करणाऱ्यांवर आहे. जेरी फॉलवेल यांनी १९७९ मध्ये काढलेल्या मॉरल मेजॉरिटी या संघटनेवर तर थेट गाणं आहे, जरा एकसुरीच. माझ्या मते विषयाच्या दृष्टीने सर्वात टिकाऊ गाणं 'केपोन फॅक्टरी'. व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेल गावी केपोन नावाचं कीटकनाशक बनायचं. कामगारांचे हात थरथरायला लागले, वजनं घटली, नजर स्थिर राहीना. १९७५ मध्ये कारखाना बंद झाला आणि जेम्स नदीतल्या मासेमारीवर बंदी आली. ब्याफ्रा हे गाणं त्या थरथरणाऱ्या कामगाराच्या तोंडून म्हणतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते ज्याने वाचलंय त्याला सव्वा मिनिटाचं हे गाणं परकं वाटणार नाही.

दुसऱ्याच्या तोंडून बोलायची ही सवय समजून घ्या, गायकाच्या बदनामीचा पहिला धागा तिथे आहे. बँडचं १९७९ चं पहिलं गाजलेलं गाणं कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन स्वतःच हुकूमशहा होऊन बोलतायत असं होतं. या ईपीतलं साडेचार मिनिटांचं सातवं गाणं त्याचीच नवी आवृत्ती. ब्राउनच्या जागी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन, आणि सुरुवात बारमधल्या संथ जॅझसारखी, गुळगुळीत, मग अचानक मूळ गाण्याचा तडाखा. संपूर्ण रेकॉर्डमधलं माझं आवडतं हेच. पण ज्याला उपहास कळत नाही त्याला वाटतं गायकच हे बोलतोय. नागपूरकराला हे कळायला हरकत नसावी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीमागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात, गळ्यात पाट्या अडकवलेले, आणि पाटीवरचं वाक्य बडग्याच्याच तोंडी असतं. ते वाचून कोणी बडगा बनवणाऱ्याला भ्रष्टाचारी समजत नाही. 'घेऊन जा गे मारबत' म्हणून सगळे पुढे जातात. ब्याफ्राची अडचण अशी की त्याच्या ऐकणाऱ्यांत अशी वहिवाट नव्हती. दर गाण्यात मुखवटा बदलणाऱ्या माणसाचा खरा चेहरा कुठला, हा प्रश्न त्याला कायम चिकटला.

त्याने तो प्रश्न वाढवायलाही कमी केलं नाही. १९७९ च्या शेवटी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदाला उभा राहिला. व्यापाऱ्यांनी शहरात विदूषकाचे कपडे घालावेत, ही त्याच्या जाहीरनाम्यातली मागणी सगळ्यांना आठवते. पोलिसांना आपापल्या भागात मतदारांनी निवडून द्यावं, हीसुद्धा त्यातच होती, ती कोणी आठवत नाही. मतं सहा हजारांच्या वर पडली. १९८५ च्या एलपीसोबत स्वीस चित्रकार गिगर यांच्या एका अश्लील म्हटल्या गेलेल्या चित्राचं पोस्टर दिल्यावरून १९८६ मध्ये त्याच्या घरावर छापा पडला, खटला भरला. १९८७ मध्ये ज्युरीत एकमत झालं नाही, सातजण निर्दोष म्हणत होते, पाच दोषी, आणि खटला निकालात निघाला. तोवर बँड मोडला होता. इथपर्यंत तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वीर. पुढे १९९४ मध्ये बर्कलीच्या गिल्मन स्ट्रीटवर पंक पोरांनीच 'विकला गेलेला रॉकस्टार' म्हणत त्याला मारहाण केली, पाय जायबंदी केला. ज्यांच्यासाठी गायचं त्यांच्याच लाथा खायच्या, हा प्रकार आपल्याकडच्या शाहिरांनाही नवा नाही.

खरा फाटा पैशावर फुटला. बँडच्या रेकॉर्डी अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स या लेबलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीवर, होत्या. ते १९७९ मध्ये ब्याफ्रा आणि रे यांनी काढलं आणि पुढे एकट्या ब्याफ्राचं झालं. म्हणजे गायकच मालक आणि हिशेबही त्याच्याकडे. १९९८ मध्ये बाकी तिघांनी दावा लावला की रॉयल्टी कमी दिली आणि ते लपवलं. ब्याफ्राचं म्हणणं, ती हिशेबातली चूक होती, खरा राग हा की मी 'हॉलिडे इन कंबोडिया' लीव्हाइस कंपनीच्या डॉकर्स पँटच्या जाहिरातीला देऊ दिलं नाही. तिघे म्हणाले, जाहिरात झालीच नाही, मुद्दा पैशाचा आहे. २००० मध्ये ज्युरीने ब्याफ्राला फसवणुकीसाठी जबाबदार धरलं, भरपाई सुमारे दोन लाख डॉलर. २००३ मध्ये अपिलातही तो हरला. रेकॉर्डींचा ताबा बाकीच्यांकडे गेला आणि २००१ पासून ते दुसरे गायक घेऊन त्याच नावाने कार्यक्रम करत आहेत. यावर ब्याफ्रा आजही तोंडसुख घेतो.

माझं मत विचाराल तर पैशाच्या बाबतीत मी कोर्टाच्या बाजूने आहे. जाहिरात नाकारली हे चांगलं केलं, पण त्याने देणं फिटत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नफ्यावर कोऱ्या बाजूचा विनोद करणाऱ्याच्या वहीत आपल्याच लोकांचे पैसे थकतात, यात काही पोरांना ढोंग दिसतं. मला त्यात छोट्या धंद्याची नेहमीची गत दिसते. मित्र असतो, म्हणून पावती नाही. वीस वर्षांनी तीच पावती शोधायला वकील लागतो. आणि बाकी तिघांनाही मी फुलं वाहणार नाही. ब्याफ्राशिवाय ते जे वाजवतात त्यात ताल शाबूत आहे, पण तो खवचटपणा गेला.

गाणी कोणाची, हा वाद पैशापेक्षा अवघड होता. ब्याफ्रा वाद्य वाजवत नाही, रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) तोंडाने गाऊन दाखवतो, म्हणून चाली माझ्या असं त्याचं म्हणणं. बाकीचे म्हणतात, तू गुणगुणलास, गाणं आम्ही केलं. म्हणून वर म्हटलं रेचा एको आणि फ्लोराइडचा बेस लक्षात ठेवा. याच ईपीतलं पहिलं गाणं ६०२५ असं नाव लावणाऱ्या गिटारवाल्याचं आहे, जो तोवर बँड सोडून गेला होता. रेगनवर वळवलेल्या गाण्याच्या मूळ श्रेयात ब्याफ्राबरोबर जॉन ग्रीनवे आहे, जो बँडमध्येच नव्हता. म्हणजे ज्या चौदा मिनिटांना लोक ब्याफ्राची रेकॉर्ड म्हणतात, तिच्यात इतक्यांचे हात आहेत.

आपल्याकडे यावर कवींनी शेकडो वर्षांपूर्वीच तोड काढली. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव ओवायचं. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी 'वामन' येतो. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर कॅसेटचं कव्हर फाटलं, गायक बदलला, तरी कवीचं नाव गाण्यातून काढता येत नाही. पण बघा, त्यात ढोलकीवाल्याचं नाव नसतं. हार्मोनियमवर ज्याने मधला तुकडा बसवला त्याचंही नाही. माझ्याकडे येणारे वादक रोजची बिदागी घेऊन जातात आणि गाणं यूट्यूबवर लाखांत गेलं की फोन करतात. तेव्हा मी काय करणार?

म्हणून तुम्ही एक कागद करा, रेकॉर्डिंगच्या आधी. प्रत्येक गाण्यासमोर शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, सगळ्यांच्या सह्या. आपल्या कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा पैसे लावणाऱ्याचा धरला जातो. तेव्हा कोणाच्या बाबांनी स्टुडिओचं भाडं भरलं, तेही लिहा. वादकांचे वाजवल्याबद्दलचे हक्कही कायदा मानतो. आणि गाणी ऑनलाइन चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या खात्याचा पासवर्ड एकट्या गायकाकडे ठेवू नका, दोघांकडे असू द्या. भांडण होईल तेव्हा होईल.

ऐकावं की नाही? ऐका, आणि पैसे कोणाकडे जातात याची चिंता असेल तर जाता जाता सांगतो, त्या रेकॉर्डी आता ब्याफ्राच्या लेबलवर नाहीत. पेलिग्रो २०२२ मध्ये गेला. निदान त्याच्यासाठी एकदा नुसते ड्रम ऐका.

राहिला गॅदरिंगचा प्रश्न. कॉलेजचाच कार्यक्रम असेल आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालकच असतील तर कायद्यात सूट आहे, परवाना लागत नाही. तिकीट लावून बाहेर हॉल घेतला तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना काढा. गाणं निवडताना ते नाझीवालं नको. प्राचार्य पहिल्या ध्रुवपदाला मेन स्विच बंद करतील. 'केपोन फॅक्टरी' घ्या. सुरुवातीला लय मूळच्या पाऊण ठेवून बसवा आणि बेस पिकनेच वाजवा, बोटांनी ती लय मिळणार नाही. कॉलेजच्या साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की गाण्याच्या आवाजावर एको टाकू नको. तो न विचारता टाकतो, आणि मग त्या कामगाराचा एक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही.